मागच्या खोलीचा ताबा

१

घर बघायला गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत शिंपी कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसला होता. मला बघून तो उठला नाही, फक्त मशीनवरचे पाय थांबवले. मी कोण हे त्याला ठाऊक होतं आणि तो कोण हे मला. त्याने घर खाली करावं असा निकाल जुन्या मालकाने कोर्टातून मिळवला होता. मिळवला, आणि शिंप्याला बाहेर काढायच्या ऐवजी घरच विकायला काढलं. भाडेकरूसकट घर म्हणजे गिऱ्हाईक फिरकत नाही. मी फिरकलो, कारण मला घराची गरज होती.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानावरच्या पोटमाळ्यावर मी, बायको आणि आमची मुलगी राहत होतो. छप्पर इतकं बुटकं, की त्या पोरीने घरात कधी उडी मारलेली मला आठवत नाही.

"बघा, नीट बघून घ्या," शिंपी म्हणाला. "आमचं काय, आम्ही बसलोयच."

स्वयंपाकघराच्या दाराशी त्याची बायको एक हात पोटावर ठेवून उभी होती. मला जायला जागा मिळावी म्हणून ती बाजूला सरकली. पुढे अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला मागची खोली.

ती खोली सगळ्यात मोठी होती. खिडकी बंद. भिंतीकडे तोंड करून, लाकडी खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पाठ ताठ. अंगात राखाडी स्वेटर. मानेवरचे केस नुकतेच कापल्यासारखे नीट.

"नमस्कार," मी म्हणालो.

मान वळली नाही. ऐकू येत नसेल असं समजून मी खोलीची लांबी पावलांनी मोजली. निघताना मात्र एक गोष्ट खटकली. खुर्ची भिंतीला इतकी चिकटून होती, की बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांना जागाच नव्हती. अंतराचा अंदाज हा माझ्या धंद्याचा भाग आहे, त्यात मी सहसा चुकत नाही. मांडी घालून बसले असतील, असं म्हणून मी तो विषय मिटवला.

खरं सांगायचं तर त्या माणसाबद्दल मला तेव्हा एकच विचार आला. हा शिंप्याचा बाप. म्हातारं माणूस पुढे करून हा आता कोर्टाला पाझर फोडणार.

२

"निकाल जुन्या मालकाच्या नावाने आहे. तो मला चालेल का?" मी वकिलांना विचारलं.

आमचे वकील गोल चेहऱ्याचे, सदा खुशीत असलेले. "न चालायला काय झालं? घर तुमचं झालं, तसा निकालही तुमचा झाला. कोर्टाला फक्त कळवायचं, की आता जिंकलेला माणूस मी."

ते वाक्य मला आवडलं. न भांडता मी जिंकलेला माणूस झालो होतो.

शिंप्याने हरकत घेतली. माझं भांडण त्या मालकाशी होतं, ह्यांना मी ओळखतही नाही, असं त्याचं म्हणणं. कोर्टाने ते धरलं नाही. ताबा देण्याचा हुकूम निघाला, आणि त्यानंतर शिंपी माझ्या दुकानात आला. मी एका फ्रेममध्ये काच बसवत होतो.

"साहेब, बायकोचं ऑपरेशन झालंय. टाके अजून ओले आहेत. ते सुकेपर्यंत थांबा, मग आम्ही आपणहून जातो."

"कोर्टात हरकत घेताना टाके आडवे आले नाहीत का?"

काउंटरवरच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता, तो त्याने बाजूला वळवला.

"आणि त्यांचं काय करणार तुम्ही?"

"कुणाचं?"

"मागच्या खोलीतल्यांचं."

मला संताप आला. स्वतःचा बाप माझ्या गळ्यात बांधायला निघालाय! "ते माझ्यावर ढकलू नका," मी म्हणालो. "मी घर घेतलंय, धर्मशाळा नाही."

त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "पण तुम्ही सगळं बघून घेतलंय ना घर? ती खोलीसुद्धा?"

"बघूनच घेतलंय."

"मग ठीक," तो म्हणाला. आणि जाताना त्याचा चेहरा चक्क सुटल्यासारखा झाला होता. घर हातचं चाललेल्या माणसाला कसलं हायसं वाटत होतं, ते मला कळलं नाही. काच फ्रेममध्ये नीट बसली, आणि मी दुसरी हातात घेतली.

३

ताबा घ्यायच्या दिवशी लख्ख ऊन होतं. कोर्टाचा बेलिफ सर्दीने बेजार होता, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात रुमाल. बरोबर एक पोलीसबाई, माझे हमाल आणि टेम्पो. दार तोडावं लागेल म्हणून माणूस सांगून ठेवला होता, पण दार उघडंच होतं.

हमालांनी आधी शिंप्याच्या बायकोला खुर्चीवरून उठवलं, कारण खुर्चीही सामानातच होती. ती फुटपाथवर पत्र्याच्या ट्रंकेवर जाऊन बसली. मग कापायचं टेबल निघालं, मशीन निघालं, गाद्या निघाल्या. बटणांचा डबा पायरीवर आपटून फुटला आणि बटणं घरंगळत रस्त्यावर गेली. शिंपी ओणवा होऊन एकेक वेचायला लागला. हमाल त्याच्या बोटांना चुकवत ये-जा करत होते, सगळेच चुकवत होते असंही नाही.

"राहू द्या ते," मी म्हणालो. "वेळ जातोय."

मी तोवर टेप घेऊन पडद्यांसाठी खिडक्या मोजत होतो.

शिंप्याच्या बायकोने पोलीसबाईंकडे पाणी मागितलं. पोलीसबाईंनी माझ्याकडे बघितलं, कारण नळ आता माझा होता.

"कोपऱ्यावर हॉटेल आहे," मी म्हणालो.

समोरच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. त्यांना मी कोण वाटलो असेन ह्याची मला फिकीर नव्हती. उद्यापासून ते माझे शेजारी होणार होते, आणि शेजाऱ्यांना काय, सवय होते.

४

एक हमाल बोळातून परत आला. "शेठ, आत आजोबा आहेत."

बेलिफने नाक पुसलं आणि तो शिंप्याला म्हणाला, "जा, वडलांना हाताला धरून आणा."

"माझे नाहीत ते."

"नाहीत म्हणजे?"

"आम्ही राहायला आलो तेव्हा होतेच. आम्हाला वाटलं, मालकांचे वडील असतील. भाडं परवडत होतं, म्हणून कधी विचारलं नाही." शिंपी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यांना मी विचारलं होतं, त्यांचं काय करणार."

"जेवायला काय देता त्यांना?" पोलीसबाईंनी विचारलं.

"ते जेवत नाहीत," ट्रंकेवरून बायको म्हणाली. "आम्ही त्या खोलीत जात नाही."

मी जुन्या मालकाला फोन लावला. मागच्या खोलीत कोण आहे म्हणून विचारलं.

"अजून आहे?" तो म्हणाला. मग घाईघाईने, "अहो, तो शिंप्याकडचा. त्याच्यासाठीच तर दावा लावला मी."

"मग जिंकल्यावर ताबा का नाही घेतलात?"

"गेलो होतो ना घ्यायला. शिंपी घरात नव्हता. मागच्या खोलीत गेलो, पुढे होऊन त्याच्या तोंडाकडे बघावं म्हटलं..."

"आणि?"

"आणि घर विकायला काढलं," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

बेलिफ कागद घडी करायला लागला होता. "निकाल शिंप्याविरुद्ध आणि त्याच्यामार्फत राहणाऱ्यांविरुद्ध आहे. हे गृहस्थ कुणामार्फत राहतात ते कळल्याशिवाय मी त्यांना हात लावणार नाही. कोर्टात जा, नवी तारीख घ्या."

नवी तारीख. म्हणजे हमालांना परत पाठवा, गाद्या परत आत, शिंपी परत मशीनवर, आणि आम्ही परत त्या माळ्यावर.

"हे ह्याचे वडील आहेत," मी म्हणालो. "मी ओळखतो. घर बघायला आलो तेव्हा ह्यानेच ओळख करून दिली होती."

शिंप्याच्या मुठीतली बटणं पुन्हा खाली पडली.

"खोटं आहे!" बायको ट्रंकेवरून उठली. उठताना कळ आली असावी, ती वाकली. "खोटं बोलतायत हे!"

"मालक, नक्की ना?" बेलिफने विचारलं. त्यालाही घरी जाऊन वाफ घ्यायची होती.

"नक्की. घर वाचवायला हा बाप नाकारतोय. लाज वाटायला पाहिजे."

समोरच्या खिडकीतून कोणीतरी च् च् केलं. ते शिंप्यासाठी होतं. बेलिफने लिहून घेतलं.

हमालांनी खुर्ची माणसासकट उचलली. बोळात मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. त्यांनी खुर्ची आणली तीही अशी, की पाठच माझ्या बाजूला आली. "वजनच नाही शेठ," मागचा हमाल म्हणाला. "खुर्चीचं असेल तेवढंच."

खोली रिकामी झाल्यावर मी भिंत बघितली. खुर्ची होती तिथे, गुडघ्यांच्या उंचीवर, भिंतीत दोन खळगे होते. मी एकात हात घातला. खोल होता आणि आतून गुळगुळीत.

बाहेर म्हाताऱ्यांची खुर्ची टेम्पोत चढवली होती, ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्याकडे तोंड करून. शिंप्याची बायको चढायला तयार नव्हती. पोलीसबाईंनी तिला काखेत धरून वर घेतलं. शिंपी शेवटी चढला.

"साहेब," तो म्हणाला, "इतकी वर्षं ते कुणाचेच नव्हते."

टेम्पो गेला. मी गवंड्याला बोलावून ते खळगे बुजवून घेतले.

५

घर चांगलं होतं, हे मी मान्य केलं पाहिजे. मुलगी पहिल्या दिवशी या खोलीतून त्या खोलीत नुसत्या उड्या मारत हिंडली. मागची खोली तिलाच दिली.

असे बरेच दिवस बरे गेले. मग एकदा दुपारी जेवायला आलो तर बायको पानावर न बसता उभीच.

"अहो, शिंप्याची बायको आली होती. फाटकाशी उभी होती."

"काय मागत होती?"

"काहीच नाही. म्हणते, साहेबांनी एकदा येऊन बघावं, आणि मग एकदाच खरं सांगावं. काय खरं सांगायचंय तुम्हाला?"

बायकोने वाढायचं थांबवलं होतं, म्हणून गेलो. टायरांच्या गोदामामागे त्यांनी एक खोली घेतली होती. मशीनवर चादर टाकलेली. शिंप्याने दार उघडलं आणि मला बघून तो चक्क हसला.

"या, या. फक्त हळू बोला. बाबांना आवाज चालत नाही."

खुर्ची समोरच्या भिंतीला लागून होती. राखाडी पाठ, नीट कापलेले केस. खुर्चीखाली फरशीवर पांढऱ्या भुकटीचे दोन छोटे ढीग जमले होते. आणि एक बारीक आवाज येत होता, सतत. तो आवाज मला ओळखीचा वाटला. काचेची कड दगडावर घासताना येतो तो. गोदामात काही काम चालू असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी गोदामाला कुलूप होतं, ते मी येतानाच बघितलं होतं.

"मशीन बंद का?" मी विचारलं.

"म्हटलं ना, आवाज. आणि मला हे शिकवलं कोणी? बाबांनीच. सुईत दोरा ओवताना माझा हात हातात धरायचे. असा." त्याने हवेत बोटं धरली. बोलता बोलता त्याची मान हळूहळू भिंतीकडे वळत होती. त्याला ते कळत नसावं. शेवटी तो माझ्याशी बोलत होता आणि मला त्याचा फक्त कान दिसत होता.

शिंप्याची बायको मला सोडायला बाहेर आली. ती अर्धी झाली होती.

"साहेब, ह्यांच्या वडलांनी शेवटचा घोट माझ्या हातून घेतला. हे उशाशी होते. ढसाढसा रडले होते. आता म्हणतात, तो कोणी दुसराच होता." तिने माझी बाही धरली. "तुम्ही त्यांना ओळखत नाही, एवढंच कोर्टात जाऊन सांगा. तुम्ही जोडलंय, तुम्हीच तोडा. आम्हाला घर नको."

६

वकिलांना विचारलं. ते नेहमीसारखे खुशीत होते.

"सांगा की. मग तुम्ही खोटं बोलून ताबा घेतलात असं होईल. घर परत द्यावं लागेल, वर तुमच्यावर खटला होईल तो वेगळा. सोसत असेल तर सांगा."

शिंप्याची बायको दुकानात आली तेव्हा मी एका मुलाचा नंबर तपासत होतो. ती बाजूला उभी राहून थांबली. मुलगा गेल्यावर मी तिला म्हणालो, "बाई, सासरा आहे. सांभाळा त्यांना."

ती रडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. उत्तरही तयार ठेवलं होतं. ती नुसती "बरं" म्हणाली.

दुकानाच्या काचेतून मी तिला जाताना बघितलं. ती रस्त्याला लागली नाही. माझ्या आणि शेजारच्या दुकानाच्या मधे जी वीतभर भिंत आहे, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ. माणसं तिला वळसा घालून जात होती. मग गिऱ्हाईक आलं, मी कामाला लागलो. नंतर बघितलं तर ती नव्हती.

घरी बायकोने विचारलं, "सांगितलंत का खरं?"

"सांगितलं," मी म्हणालो. ती समाधानाने झोपली.

७

ताब्याच्या दिवशीच्या पोलीसबाई दुकानात आल्या, त्या मला आधी गिऱ्हाईकच वाटल्या.

"शिंपी आणि त्याची बायको गेले," त्या म्हणाल्या. "वास आला म्हणून गोदामवाल्याने कळवलं. दोघं जमिनीवर शेजारी शेजारी बसलेले. भिंतीकडे तोंड करून. मार नाही, विष नाही. पातेल्यात भात तसाच. माझ्या नोकरीत असं मी पाहिलं नव्हतं."

मी हातातला चष्मा पुसत राहिलो. "आणि म्हातारे?"

"ते ठणठणीत आहेत. त्यांना वृद्धाश्रमात न्यायलाच निघालो होतो. पण गाडीत ते बोलले."

"बोलले?"

"मुलाचं नाव सांगितलं. पत्ता सांगितला." त्या काउंटरवर थोड्या पुढे झुकल्या आणि माझ्याकडे निरखून बघायला लागल्या. "मला वाटलं, वय झालंय, बरळतायत. पण आता तुम्हाला बघितलं आणि पटलं. कपाळ तेच. कानांची ठेवणसुद्धा."

"तो शिंप्याचा बाप," मी म्हणालो. "तुम्ही होतात ना तिथे? लिहून घेतलंय बेलिफने."

"लिहून घेतलंय, तुम्ही सांगितलं म्हणून." त्यांचा आवाज मऊ होता. त्यांना माझी कीव येत होती. "असं करू नका हो साहेब. तो शिंपी बाप नाकारत होता तेव्हा तुम्हीच किती रागावला होतात."

"माझे वडील जाऊन खूप वर्षं झाली! मी त्यांच्या उशाशी होतो!"

"बरं. कसे दिसायचे?"

मी सांगायला तोंड उघडलं. उंच होते, एवढं म्हणालो. मग थांबलो. समोर शंभर चष्मे मांडलेले होते, आणि माझ्या वडलांना चष्मा होता की नव्हता, ते मला सांगता येईना.

"कुठे आहेत ते?" मी विचारलं.

"घरी सोडलं ना आत्ताच. बाईसाहेबांनी दार उघडलं. त्या म्हणाल्या, बरं झालं आणलंत."

८

मी दुकान उघडंच टाकून धावलो.

घरात पाऊल टाकलं तोच बायको स्वयंपाकघरातून ओठांवर बोट ठेवून पुढे आली. "हळू. बाबा आत्ताच टेकलेत."

"कोण बाबा? अगं, तू माझ्या वडलांना कधी पाहिलंस तरी का?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, की मीच शरमलो. "असं काय बोलता? त्यांनीच तर मला पसंत केलं होतं."

बोळाच्या टोकाला दार उघडं होतं. खुर्ची बुजवलेल्या भिंतीपाशी होती. मुलगी त्यांच्या बाजूला उभी होती, हात त्यांच्या हातात देऊन, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मन लावून काहीतरी ऐकत होती. मला फक्त तो बारीक, घासल्याचा आवाज येत होता.

"इकडे ये," मी म्हणालो.

"थांबा ना. आजोबा सांगतायत."

मी तिला ओढायला पुढे झालो. तेव्हा बाजूने, क्षणभर, मला त्यांचं कानशील दिसलं, मग गालाची कड. गाल जिथे संपायला हवा तिथे संपला नव्हता. तो तसाच पुढे, भिंतीत गेला होता. मुलगी ज्याच्याकडे बघून हसत होती, तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. मी मागे सरलो. जुना मालक असाच मागे सरला असणार. पण त्याला घर विकायला मिळालं. मी काय विकू?

आता मी दिवसभर दुकानात बसतो आणि माझे वडील आठवतो. एवढं एकच काम मी नेमाने करतो. जेवायला बसलेले वडील, दाढी करताना आरशापुढे उभे असलेले वडील, हॉस्पिटलच्या खाटेवरचे वडील. सगळीकडे ते पाठमोरे आहेत. आरशातसुद्धा पाठच दिसते. एक आठवण मी अगदी शेवटपर्यंत जपून ठेवली होती. मी लहान आहे, सायकल शिकतोय, आणि ते सीट धरून माझ्यामागे धावतायत. मला त्यांचा दम लागल्याचा आवाज येतो. आज मला राहवलं नाही आणि त्या आठवणीत मी मागे वळून बघितलं. सीट त्यांच्या हातात होती, ते जोरात धावत होते, आणि माझ्याकडे त्यांची पाठ होती.